तिघांनी वाचलेली ओळ

देऊळगाव राजाच्या एका बँकेत तो मला एकदाच भेटला. मळका सदरा, बोटांना मेथीचा हिरवा डाग, आणि पासबुक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. मी शिक्षक आहे, हे त्यानं कशावरून ओळखलं कोण जाणे. "गुरुजी, हे इंग्रजी मले वाचता येत नाही. एवढी ओळ सांगा."

खात्यात किमान शिल्लक नसल्याचा दंड कापला होता; तशाच ओळी तीन वर्षं मागेपर्यंत होत्या. खातं तर झिरो बॅलन्सचं. त्याला असा दंड लागायलाच नको. मी तसं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि माझ्यादेखत तीच ओळ रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंना दाखवली. मग वॉचमनला. मी काय वाचलं, ते मात्र दोघांनाही सांगितलं नाही.

मला रागच आला. "का हो, माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं नाही, गुरुजी. विश्वास ठेवला म्हणून तर हे तीन वर्षांपासून कापून राह्यले."

मी त्याला तक्रारीचा अर्ज आणि त्याची एक प्रत लिहून दिली. काउंटरवरचा साहेब हसून म्हणाला, "अर्ज ठेवून जा काका, पैसे परत जमा होतील."

तो जागचा हलला नाही. "या दुसऱ्या कागदावर शिक्का मारून द्या, मग जातो."

शिक्का मिळाल्यावर त्यावरची तारीखही त्यानं वॉचमनकडून वाचून घेतली.

घरी येऊन मी माझं पासबुक काढलं. इतक्या वर्षांत ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. एका ओळीवर बोट थांबलं. मी बायकोला हाक मारली, ती ओळ तिच्यापुढे धरली, आणि मी काय वाचलं ते सांगितलं नाही.