बोट परत हितंच येती

घोडच्या धरणावर तंबूत राहायला जायचं ठरलं तेव्हा आई येणार नाही, असं आम्ही गृहीत धरलं होतं. भांडगावच्या शेतात उन्हातान्हात राबलेल्या बाईला उघड्यावर झोपण्याचं कौतुक कशाला असेल? पण ती लगेच ‘येते’ म्हणाली आणि आमच्या आधी गाडीत जाऊन बसली. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात नवं कोरं लुगडं, कुरडया आणि शेंगदाण्याची चटणी. तंबूत कुरडया कुठं तळणार, असं बायकोने विचारलं. आई नुसती हसली.

कॅम्प चांगला होता. ‘निसर्गाची शांतता अनुभवा’ अशी पाटी होती आणि पाटीच्या खांबालाच स्पीकर बांधला होता. धक्क्यापाशी उद्घाटनाची संगमरवरी शिळा होती. तिच्यावरचे सगळे मान्यवर एकदम बोटीत बसले असते तर बोट बुडाली असती. बहुधा म्हणूनच त्यांनी किनाऱ्यावरून फीत कापली असावी.

उन्हं उतरल्यावर आम्ही धक्क्यावर गेलो. गळ्यात शिट्टी अडकवलेला मॅनेजर बोटही स्वतःच चालवायचा. त्याने आईच्या लुगड्यावर केशरी लाइफ जॅकेट चढवलं आणि पिशवीकडे हात केला.

“आजी, पिशवी ऱ्हाऊ द्या हितंच. कोन न्हाई नेत.”

“मंग तिकडं काय रिकाम्या हातानं जाऊ?”

“तिकडं कुठं?”

“बहिनीकडं.” आईने समोरचा काठ दाखवला.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, पलीकडच्या काठावर नगर जिल्ह्यात राहते. दोघींच्या मध्ये पाणी. रस्त्याने जायचं तर शिरूरवरून भला मोठा वळसा आणि एसटी बदलायची. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या रोज फोनवर बोलत होत्या, पण भेटल्या नव्हत्या. कॅम्पात बोट आहे हे ऐकून आईने ‘उद्या होडीनं येते’ असं परस्पर कळवून टाकलं होतं. मावशी सुनेला घेऊन काठावर येऊन बसलीही होती.

“आजी, बोट पलीकडं न्हाई जात. त्या पान्यातल्या केशरी पिंपांपर्यंत जाती आन् माघारी येती.”

“माघारी कुठं?”

“हितंच.”

“आरं, हितं तर मी हायेच की!”

जलपर्यटनावर मी आजवर ऐकलेला हा सगळ्यात चोख आक्षेप होता. मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, “पिंपांच्या पुढं गेलो तर माझी नोकरी जाईल, आजी.”

आई पिशवी घट्ट धरून बोटीत चढली.

पिंपांपाशी पोचलो तेव्हा समोरच्या काठावरच्या बाभळीखाली एक हिरवं लुगडं उठून उभं राहिलं. सुनेने मावशीला दंडाला धरलं होतं. आईही उठायला लागली, तशी बायकोने जॅकेटचा पट्टा ओढून तिला खाली बसवलं. मॅनेजरने कुणी न सांगता इंजिन बंद केलं.

“बयेऽऽ! गुडघा कसा हाय गंऽऽ?”

वारा समोरून होता. उत्तर स्वच्छ आलं. “बरा हाय, आक्केऽऽ!”

“काठी सुटली काऽऽ?”

“न्हाई अजूनऽऽ!”

“म्हस व्याली काऽऽ?”

“व्यालीऽऽ! रेडी झालीऽऽ!”

बोटीत एक शहरी जोडपं फोटो काढत होतं. त्यातल्या नवऱ्याने हळूच विचारलं, “कशासाठी रेडी?” सगळ्यांचं लक्ष पलीकडे होतं.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या आई मला म्हणाली, “गाडी काढ.”

मॅनेजरने आठवण करून दिली की रात्री शेकोटी आणि गाणी आहेत. बायको म्हणाली, “राहू द्या. आमच्या सासूबाई तुमच्या स्पीकरपेक्षा खणखणीत आहेत.”

दिवेलागणीला मावशीच्या दारात पोचलो. ती ओट्यावरच बसली होती. आईने पिशवी खाली ठेवली आणि आधी तिचा गुडघा चाचपला.

“बरा हाय म्हनालीस आन् सूज हाय की गं!”

“तू काय इचारलंस ते मला कुठं ऐकू आलं, आक्के? वारा तुझ्याकडं. नुसता तुझा आवाज कळला.”

“मंग उत्तरं कशी दिलीस?”

“तू दुसरं काय इचारनार? आदी गुडघा, मंग काठी, मंग म्हस. रोज फोनवर त्याच वळीनं इचारतीस. तू वरडायची थांबलीस की मी पुढचं सांगायची.”

आई तिला सरकायला लावून शेजारी टेकली आणि हळू आवाजात पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात केली.