सरांच्या उशाशी कूलर

"हेमंत, पंखा बंद केलास ना?" मी फोनवर जवळजवळ ओरडलोच. खांडबाऱ्याला डोळ्यांचं शिबिर चालू होतं, पेशंटच्या गलक्यात धड ऐकू येत नव्हतं.

"करी दिधा, दादा. डोया बी झाकी दिधात. वल्ला कापूस ठेवा शे."

आत्माराम सर गेले होते. कोरीटचे, शाळेतून रिटायर झालेले. हेमंत त्यांचा मुलगा. मी आय बँकेचा टेक्निशियन. माणूस गेल्यावर काही तासांच्या आत घरी जाऊन डोळे घेणं, हे माझं काम. त्यातला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, दुसऱ्याला बसवता येते. ती उघडी राहून वाळली तर संपलं. म्हणून फोनवर पहिलं सांगायचं ते हेच: पापण्या मिटा, ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा.

मी डोळे ठेवायचा बॉक्स उचलला आणि निघालो. वाटेत नुसते सर डोळ्यांसमोर. या कामात मी नवा होतो तेव्हा गावोगाव लोक मला हाकलून द्यायचे. डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्मतो म्हणायचे. सर स्वतःची मोटारसायकल काढून माझ्याबरोबर यायचे. मी बोललो की लोक उठून जायचे, सर बोलले की बसायचे. माझा फोन नंबर त्यांनी स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. म्हणायचे, "मी जवय जासू, तवय तूच ये. दुसराले धाडू नको. मन्हा डोयास्नी कोणी तरी जग देखाले पाहिजे." मी हसण्यावारी न्यायचो. असं बोलणं कोणाला आवडतं?

कोरीटला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. मुलगी बारडोलीहून निघाली होती, विसरवाडीजवळ ट्रकांच्या रांगेत अडकली होती. तिला बापाचं तोंड दिसल्याशिवाय उचलायचं नाही, असं ठरलं होतं. लोक माझ्या हातातल्या बॉक्सकडे बघत होते. सर आयुष्यभर जे सांगत आले ते त्यांच्याच घरी होतं की नाही, हे सगळ्यांना बघायचं होतं.

ओसरीत शिरलो आणि आधी आवाज आला. घरघर. सरांच्या उशाशी लोखंडी कूलर, फुल स्पीडवर, झोत थेट तोंडावर. वरचा पंखा मात्र बंद होता. मी सांगितलं तेवढं त्यांनी अगदी इमानदारीने केलं होतं.

कापूस उशीशेजारी पडला होता. तोंड पाहायला येणारा प्रत्येक जण तो बाजूला करत होता. पापण्या अर्ध्या उघडल्या होत्या. मी कूलर बंद केला, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि टॉर्च मारला. दोन्ही बुबुळांवर मधोमध राखाडी पट्टा. आमच्या भाषेत एक्सपोजर, म्हणजे उघडी राहून वाळलेली काच.

डॉक्टर मॅडमना फोन केला.

"दोन्ही डोळे?"

"दोन्ही, मॅडम."

"ट्रान्सप्लांटला नाही चालणार. नव्या डॉक्टरांच्या सरावाला घेता येतील. फॅमिलीला विचार. आणि खोटं बोलू नकोस."

दारात मावशी उभ्या होत्या, सरांच्या पत्नी.

"भाऊ, त्यास्ना डोया कोणले भेटतीन?"

मी खरं तेच सांगितलं. "कोणालाच नाही, मावशी. वाऱ्याने वाळले. शिकणाऱ्या डॉक्टरांच्या उपयोगी पडतील, पण त्या डोळ्यांनी कोणाला दिसणार नाही."

मावशींनी कूलरकडे पाहिलं. "तुम्हीच सांगं ना, पंखा बंद करा. ऊन तं कितलं शे! पोर येवालोंग त्यास्ले कसं ठेवतू? म्हनीसन मीच लाया कूलर. त्यास्ले ऊन सहन व्हये नई."

हेमंतने सही केली. मी डोळे घेतले, पापण्या नीट मिटवल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. पुढच्या अंगणातून जायची हिंमत नव्हती. गाडीत बसून रडलो. सरांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मी आलो होतो, वेळेतही आलो होतो, आणि तरी काहीही करू शकलो नाही.

हल्ली मी फोनवर नुसता पंखा म्हणत नाही. पंखा, कूलर, एसी, हवा मारणारं जे काही असेल ते बंद करा म्हणतो. कापूस कोणालाही काढू देऊ नका म्हणतो. सरांनी हे सांगितलं असतं तर लोकांनी दुसऱ्याला सांगितलं असतं. माझं नुसतं ऐकून घेतात.

यंदा मे महिन्यात कोरीटला गेलो होतो. कूलर मागच्या पडवीत पालथा पडला होता. मावशी ओसरीत पदराने वारा घेत बसल्या होत्या, घामाने भिजलेल्या. हेमंत म्हणाला, तो लावायचं नाव काढलं तरी उठून जातात.

भिंतीवर माझा नंबर अजून आहे. कोरीटहून त्यानंतर एकही फोन आलेला नाही.