गुरुवारचा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. आणि प्रार्थनेत? तिथंही ह्या गोष्टीपाशी आलो की मी डोळे मिटलेलेच ठेवून दुसरीकडे वळतो. आजाऱ्यांसाठी मागतो, पावसासाठी मागतो, लेकीच्या परीक्षेसाठी मागतो. माणूस देवापुढंसुद्धा विषय बदलू शकतो, ठाऊक आहे तुम्हाला? मला ठाऊक आहे. चार वर्षं तेच करतोय.

आधी माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. केदारखेड्यातल्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बाप दुसऱ्याच्या रानात राबला, आई त्याच रानात निंदायला गेली, आणि मी बी.एस्सी. झालो. ह्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत माझ्या नावाची पाटी असलेलं टेबल आहे. तिथं मी एस. डी. सर. आमच्या चर्चच्या मंडळीत शमुवेलभाऊ. आणि साऱ्या जालन्यात एकच बाई होती जी मला चारचौघांत ‘शम्या’ म्हणायची.

मार्थामावशी. चर्चच्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करायची. पाचवी ते दहावी मी तिच्या हातचं खाल्लं. पंगत बसली की ती वाढायला मागच्या रांगेपासून सुरुवात करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “पुढची पोरं मागून घेत्यात. मागची मागत न्हाईत.” मी मागच्या रांगेत असायचो. — हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढचं वाचताना तुम्ही ते विसरू नये.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा, दावीदबाबा, चर्चची घंटा वाजवायचा. तो गेल्यावर मस्तगड भागातल्या एका खोलीत ती एकटी राहायची. तिची मागणी एकच होती, आणि ती साऱ्या मंडळीला पाठ होती: मरायचं ते ह्याच खोलीत, आणि पुरायचं ते जालन्याच्या कब्रस्तानात, दावीदबाबाच्या शेजारी. पाळकसाहेबांना तिनं बजावून ठेवलेलं, “त्यांच्या डाव्या अंगाला जागा ठेवा. उजव्या अंगाला झोपून लई घोरणं ऐकलं म्या.”

मग ती न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. काठी धरून चार पावलं चालायची, पण स्वयंपाक होईना. त्याच सुमारास एका रविवारी उपदेश झाला रोजच्या साध्या चांगुलपणावर. मोठं काही करू नका, शेजारच्या भुकेल्याला जेवण नेऊन द्या, तीच ख्रिस्ताची सेवा. उपासना संपली तसा मी उभा राहिलो. कोण उभं राहिलं? मी. सात घरं, सात वार, रोज एका घरचा डबा मावशीला. ऑफिसात तक्ता टाइप केला, रंगीत छापून चर्चच्या दाराशी चिकटवला. आमचा वार गुरुवार. सगळ्यांनी वाहवा केली. ती मला आवडली — खोटं कशाला बोलू?

डबा माझी बायको सुनंदा भरायची, न्यायचो मी, दुपारच्या सुट्टीत, मोटारसायकलवर. सुनंदाचं नाव घातलेले दोन सारखे स्टीलचे डबे होते. भरलेला न्यायचा, मागच्या आठवड्याचा घेऊन यायचा. आणि आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. काहीतरी घालून द्यायचं, मूठभर फुटाणे तरी. मावशीपाशी काय असणार? शेजारणीकडून आणवलेल्या गुळाचा एक खडा ती धुतलेल्या डब्यात घालून ठेवायची. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. गुरुवारी संध्याकाळी डब्याकडे आधी तीच धावायची.

मावशी डबा उघडायची आणि बोलायची. “शम्या, डाळीत मीठ न्हाई. बायकोला कालेजात समदं शिकवलं, मीठच राह्यलं का?” मी हसायचो. पण बाहेर गल्लीत दुकानदार असायचे, त्यांतले दोघंतिघं आमच्या कंपनीचे डीलर. एकदा त्यांतला एक म्हणाला, “काय सर, डबे पोचवून राह्यले का? पगार पुरंना का काय?” तोही हसला, मीही हसलो. तेवढंच. पण ती गल्ली तेव्हापासून मला लांब वाटायला लागली. तेवढ्यानं? हो, तेवढ्यानं.

मे महिना होता. ऑफिसात बियाण्याची गडबड. एका गुरुवारी डीलरांची मीटिंग लांबली आणि जाणं झालं नाही. हे एक वेळ कुणाच्याही हातून होईल. पण फोन करून दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. ते मी केलं नाही. डबा टेबलावर होता. तो उघडला आणि ऑफिसातल्या आम्ही चौघांनी मिळून खाल्ला. भरलेल्या वांग्यांचं लोकांनी कौतुक केलं, वहिनींना सांगा म्हणाले.

आता रिकामा डबा घरी न्यायचा, तर त्यात गूळ नको का? स्टेशनजवळच्या किराणा दुकानातून मी गूळ घेतला, खडा फोडला आणि डब्यात टाकला.

हे मी केलं.

दुसऱ्या गुरुवारी मीटिंग नव्हती. ऊन होतं. बस, ऊन होतं. तिसऱ्या गुरुवारी ऊनही कारण नव्हतं. गेलो असतो तर मागच्या दोन गुरुवारांचं काय सांगायचं, ते सुचेना म्हणून गेलो नाही. तिन्ही वेळा डबा ऑफिसात खाल्ला. तिन्ही वेळा गूळ विकत घेतला. लेक म्हणाली, “पप्पा, हा गूळ येगळा लागतो.” म्हटलं, नवीन ढेप आणली असेल मावशीनं.

त्या तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेब सहज मावशीकडे गेले. ती पाण्यात बिस्किटं बुडवून खात बसलेली. कुणाचं नाव तिनं घेतलं नाही. पण वार कुणाचा, हे दाराशीच छापलेलं होतं ना — रंगीत अक्षरांत, माझ्याच हातचं.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली होती. पाळकसाहेबांनी मला बाजूला घ्यायला हवं होतं असं मला पुढं कितीदा वाटलं. पण का घ्यावं बाजूला? त्यांनी सरळ विचारलं, “शमुवेलभाऊ, गुरुवारी डबा गेला नव्हता का?”

‘नव्हता’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. लोक काय म्हणाले असते? ‘राहून गेलं असेल, कामाचा माणूस.’ दोन दिवसांत विसरले असते. मी म्हणालो, “मी तर गेल्तो साहेब. मावशीला आता ध्यान राहात न्हाई.”

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ. पण समोरच्यांच्या तोंडावर मला शंका दिसली — किंवा मला तसं वाटलं — आणि मी पुढं बोललो. म्हणालो, “परवा तर मला दावीदबाबा समजून हाक मारली तिनं. ‘आलात का’ म्हणाली.”

असं काही झालं नव्हतं. ते मी तिथं बसल्या बसल्या रचलं, आणि बरोबर तेच निवडलं ज्यानं लोकांचं काळीज हलेल. ही अक्कल मला कॉलेजनं दिली नाही. ती माझी स्वतःची आहे.

सगळे हळहळले. आणि एकदा तसं पाहायला लागल्यावर प्रत्येकाला काहीतरी आठवलं. सोमवारवाली बाई म्हणाली, माझ्यापाशीबी एकच गोष्ट दोनदा मागितली. कुणी म्हणालं, घरात गॅस आहे, एखाद्या दिवशी चालू ठेवील आणि सारी गल्ली पेटंल. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाचं नाव निघालं. पाळकसाहेबांची तिथं ओळख होती, फोन लावला, जागा होती. म्हणाले, उद्या मावशीशी बोलू, मग ठरवू.

सोमवारी आम्ही पाच जण तिच्या खोलीत गेलो. पाळकसाहेब तिच्याजवळ खाली बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, “मावशी, गुरुवारी शमुवेलभाऊ आल्ते का डबा घेऊन?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खाली मान घालण्याइतकीही लाज मला वाटली नाही.

“आला असंल की,” ती म्हणाली. “माझंच ध्यान राह्यलं न्हाई. शम्या मला उपाशी ठेवील व्हय?”

झालं. तिच्याच तोंडून पुरावा मिळाला. ती मला पाच माणसांतल्या लाजेपासून वाचवत होती. त्या एका उत्तरावर तिची खोली जाणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी गाडी आली. जायला ती तयार नव्हती. दाराची चौकट धरून म्हणाली, “माझी जागा हितं हाय, त्यांच्यापाशी.” बायकांनी समजूत घातली, मावशी, बरं वाटलं की परत आणू. तिनं चौकट सोडली. आतलं सामान आवरायचं काम माझ्याकडे होतं — विश्वासाचा माणूस म्हणून.

गॅसमागच्या फळीवर सुनंदाच्या नावाचा डबा होता. घासूनपुसून पालथ्या वाटीनं झाकलेला, तीन आठवडे माझी वाट पाहत. उघडला.

आत गुळाचे तीन खडे. खालचा काळा पडून चिकटलेला, त्याला मुंग्या. मधला जरा बरा. वरचा स्वच्छ. दर गुरुवारी एक. मी येईन म्हणून तिनं एक घातला, आलो नाही. पुढच्या गुरुवारी ताजा घातला. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक. जिचं ध्यान गेलं असं मी सांगितलं होतं, तिनं एकही गुरुवार चुकवला नव्हता.

गाडी दारातच उभी होती. पाळकसाहेब पाच पावलांवर. डबा नुसता त्यांच्या हातात दिला असता — बोलायचीही गरज नव्हती — तरी ते समजले असते. मी मुंग्या फुंकरल्या आणि झाकण लावलं.

गाडीत बसताना ती म्हणाली, “शम्या, डबा घेतला का रे तुझा?” म्हटलं, घेतला मावशी.

पाच महिन्यांनी ती गेली. निरोप उशिरा आला, तोवर आश्रमवाल्यांनी तिला तिथंच पुरलं होतं. दावीदबाबाच्या डाव्या अंगाची जागा रिकामी आहे. मंडळीनं पुढं आजाऱ्यांच्या भेटीगाठींचं सगळं काम माझ्याकडे दिलं. ते मी करतो, चांगलं करतो. वर्षातून एकदा उभा राहून रोजच्या चांगुलपणावर चार शब्दही बोलतो. लोक माना डोलावतात.

आणि त्या बुधवारची दुपार. घरी आलो, डबा ओट्यावर ठेवला. सुनंदानं झाकण काढलं आणि तिथंच थबकली.

“अहो, तीन खडे,” ती म्हणाली. “जायच्या गडबडीतसुद्धा बघा. लोक काहीबी म्हणोत, शेवटपर्यंत काही इसरली न्हाई बिचारी.”

मी म्हणालो, “न्हाई इसरली.”

लेक धावत आली. वरचा स्वच्छ खडा तिनं उचलला, दातानं फोडला, आणि अर्धा माझ्या तोंडापुढं धरला.

मी तो खाल्ला.