बांगडीवरचा पडदा

नामांतराच्या वेळची संचारबंदी परभणीत लागली तेव्हा मी नवी सून होते, बी.एस्सी. झालेली, आणि दिवसभर मधल्या खोलीत दार लावून बसलेली. कॉलेजातल्या सरांनी दुर्बिणीचा घासलेला आरसा तपासायला दिला होता. तपासणी त्यांच्यासमोर करून दाखवली तर प्रयोगशाळेत नोकरी. त्या घरातून बाहेर पडायला मला दुसरी वाट नव्हती.

तपासताना दिवा आणि डोळा एकाच रेषेत हवेत, आणि दिवा काही डोळ्यात बसवता येत नाही. म्हणून मध्ये तिरपा पडदा धरायचा, थोडा उजेड आरशाकडे वळवणारा आणि परतलेला डोळ्याकडे जाऊ देणारा. साध्या काचेत एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. त्यापेक्षा परातीतल्या पाण्यावर पातळ केलेल्या नेलपॉलिशचा थेंब सोडायचा आणि पसरून वाळलेली पारदर्शक साय बांगडीवर अलगद उचलायची, की झाला पडदा, इतका पातळ की प्रतिमा एकच दिसते. काचेच्या बांगडीला सांधा असतो, तिथे सुरकुती पडे. मग पितळेची घेतली, घासून सपाट केली.

पडदा वाऱ्याने थरथरे, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद.

"पंखा लाव की गं, लय उकडायलंय," सासूबाई दाराबाहेरून म्हणत. "अन् नौकरी कशाला पाह्यजे? इथं खायला कमी हाय का?"

मी परातीत पुढचा थेंब सोडे. गावोगाव दलितांची घरं जाळली जात होती, आमचं शाबूत होतं. तक्रार करायचीही लाज वाटे. पण जीव गुदमरायचा तो गुदमरायचाच.

अखेर एक पडदा साधला. आरशाच्या घासणीतले दोष दाखवणाऱ्या सावल्या पहिल्यांदाच स्वच्छ दिसल्या.

संचारबंदी उठली. नवऱ्याने कधी नव्हे ते आईपुढे तोंड उघडलं, आणि सासूबाई कुरकुरत का होईना, "जा" म्हणाल्या. आरसा पिशवीत घातला. डब्यात ठेवायला बांगडी तळहातावर घेतली.

"थांब," म्हणत त्या देवघरातून करंडा घेऊन आल्या. नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय त्या वापरू देत नसत. नवऱ्याच्या सायकलीलाही लावलं होतं. "कामाची वस्तू हाय. तशीच नेऊ न्हाई."

त्यांनी बोट टेकवलं. पडदा फाटून कुंकू माझ्या तळहाताला लागलं.

त्यांना काहीच कळलं नाही, पडदा त्यांना दिसतच नव्हता. मी ओरडले असते तर अपशकुन ठरला असता आणि दार पुन्हा लागलं असतं. मी वाकून नमस्कार केला.

"येते, आई."

नेलपॉलिशची बाटली पिशवीत होती. कॉलेजात परात कुठे मिळेल, याचा विचार करत मी उंबरा ओलांडला.