भोपाळचा मातीवाला

कसं सांगू, अजूनही कोणी मागून खांद्यावर हात ठेवला की मी दचकून चार पावलं पुढे पळतो. चहा ओता आधी, म्हणजे बोलायला धीर येईल. हसायचं असेल तर शेवटी हसा.

तेव्हा आम्ही शिंद्यांच्या राजधानीतल्या लष्कर नावाच्या भागात, शिंदे की छावनीत राहायचो. आजोबा घोडदळात होते, घर दरबारनं दिलेलं. मग संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं राज्य आलं, आणि आता तेही मोडून कारभार भोपाळला जाणार असं ठरलं. दरबारी घरांचं पुढे काय, कोणालाच माहीत नव्हतं. अख्खी छावनी धास्तावलेली, आणि त्यात सगळ्यात भित्रा मी.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. शेजाऱ्यांना वाटे मी नुसते बेडूक कापतो, पण माझं संशोधन मातीतल्या एकपेशीय जीवांवर होतं. हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. माती वाळली की स्वतःभोवती कवच करून गप्प पडून राहतात, पाणी मिळालं की बाहेर येऊन सरपटू लागतात. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी, कारण संकट आलं की मीही तेच करतो.

वाळलेली माती हवी म्हणून भर उन्हाळ्यात हिंडावं लागे. उन्हाची लू लागू नये म्हणून तोंडाला पंचा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि सायकलला लटकवलेल्या पिशवीत खुरपं न् काचेच्या नळ्या. माधवगंजात एका आजोबांनी विचारलं, "काय शोधताय?"

"अमीबा."

"म्हणजे आमच्या अंगणाला पेचिश झाली का काय?"

अर्धा तास समजावलं, पण त्यांनी शेवटी मला आमांशाचं औषधच विचारलं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एवढंच म्हणायचो, "वरून हुकूम आहे." काय रुबाब वाटायचा म्हणून सांगू! लोक एकदम गप्प व्हायचे. का गप्प होतात, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही.

एके दिवशी बायको, सुशीला, नई सडकेवरून भाजी घेऊन आली ती पांढरीफटक पडून. "ऐकलंत का? भोपाळहून एक माणूस आलाय. मोठ्या मिशांचा, जीपमधून फिरतो, कमरेला पिस्तूल. ज्या घरची माती नेतो, ते घर सरकारजमा."

मी आधी दाराला कडी घातली.

"अहो, पण माती तर तुम्हीही आणता," ती म्हणाली.

"माझं संशोधन आहे," मी खेकसलो, "त्याचं कारस्थान आहे!"

संध्याकाळी शेजारच्या काकासाहेबांकडे सगळी छावनी जमली. भित्रा माणूस घोळक्यात फार शूर होतो. मी उठून म्हणालो, "तो आला की मागून घोंगडी टाका. कोठीत कोंडा. आणि तोंड उघडू देऊ नका, असली माणसं बोलण्यात पटाईत असतात."

"वाह मास्टरसाहेब, बिलकुल बरोबर," काकासाहेब म्हणाले. तालमीतल्या पोरांनी लगेच घोंगडी शोधून ठेवली.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घर गेलंच तर निदान संशोधन तरी हाती राहावं, म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतताना उरलेला नमुना उरकायचं ठरवलं. छावनीतली माती तेवढी राहिली होती, आणि काकासाहेबांचं परसदार वाटेतच होतं. पंचा बांधलेला, चष्मा लावलेला, मी खाली बसून खुरपं मारलं.

धप्पकन अंधार झाला.

"पकड़ लिया, काका! ये देखो, शीशियाँ!"

"जीप कुठाय?" काकासाहेबांनी विचारलं.

"सायकल है. जीप कहीं छुपा दी होगी."

"आणि पिस्तूल?"

"खुरपी बना रखी है, बदमाश ने!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडायला गेलो, तर कोणीतरी घोंगडीवरूनच तोंड दाबलं. माझीच सूचना, अक्षर न् अक्षर पाळत होते. मला कोठीत लाकडांच्या ढिगाशेजारी बसवलं आणि दोघं पैलवान माझ्यावर बसले. मी कवचातल्या अमीबासारखा गप्प पडून राहिलो.

बाहेर कुजबुज सुरू झाली. मग काकासाहेबांचा आवाज आला, "पकडला तर खरा. आता याचं करायचं काय? जा रे, मास्टरसाहेबांना बोलावून आण. तेच सांगतील."

आणि खरं सांगतो, ते ऐकून घोंगडीच्या आत मला इतका धीर आला! म्हटलं, चला, मास्टरसाहेब आले की सोडवतील.