पूजेनंतर झाकण उघडायचं नाही

नवऱ्याने डिझेलची नळी सुरीने तोडली, तरी इंजिन थांबेना. आवाज उलट चढत गेला. दोरांनी बांधलेली होडी थरथरत होती. इंजिन बसवलेल्या खणातून निळा धूर वर येत होता आणि नवरा त्या धुरात खाली होता.

"अहो, वर या," मी ओरडले.

"डिझेल नाय, मग कशावर चालतंय हे?" तो खालून ओरडला.

ते माझ्यामुळे चालत होतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

नोटबंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली होती. डहाणूच्या खाडीत आमच्या होडीला आम्ही जुनं, पण मोठं, सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. आमच्या घरात इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी घरची बाई त्याला हळदकुंकू लावते आणि आपल्या हाताने तेल ओतते. पूजा झाली की तेलाचं झाकण पुन्हा उघडायचं नाही, तेल मोजायची पट्टीही काढायची नाही. सासू वाटीभर ओतायची. एवढ्या मोठ्या इंजिनाला वाटी मला बरी दिसेना. मी पाच लिटरचा कॅन रिकामा केला. नवऱ्याने सकाळीच पट्टीवरच्या खुणेपर्यंत तेल भरून ठेवलं होतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पूजेनंतर पट्टी काढून तेल बघायला कोणी धजलं नाही, इंजिन तसंच चालू केलं.

धाकटा दीर रेल्वेच्या डिझेल शेडात बरीच वर्षं कामाला होता. तो धक्क्यावरून होडीत उतरला.

"दादा, तेल जास्त झालंय, डिझेलऐवजी ते स्वतःचं तेल पितंय. हवा ओढायचं तोंड दाब."

धुरात नवऱ्याला ते तोंड सापडेना. दीर खाली गेला. त्याने गोणपाट दाबलं, ते इंजिनाने आत ओढून घेतलं.

"वहिनी, काहीतरी सपाट दे."

मासळी कापायचा पाट मी खाली सोडला. दोघांनी तो अंगाच्या भाराने दाबून धरला. आत लोखंड तुटल्याचा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

दोघं वर येईनात. मी हाक मारली नाही. उत्तर आलं नसतं तर दोघं गेले हे मला कळलं असतं.

मग दीर खोकत वर आला, त्याच्यामागून नवरा.

"किती ओतलंस, वहिनी?"

"पाच लिटर."

"रेल्वेच्या इंजिनात पिंपं रिकामी होतात, तरी आम्ही पट्टी बघूनच घालतो."

नवरा म्हणाला, "देवाला ठासून जेवायला घातलं हिने. ओकला."

इंजिन भंगारात गेलं. तो हंगाम मी दुसऱ्यांची मासळी घेऊन आशागडच्या बाजूला दारोदार विकली. पाय दुखायचे. प्रथा कोणी मोडली नाही, मीही नाही. फक्त आता पूजेच्या आधी पट्टी बघते.

त्या दिवसापासून नवऱ्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. होडीवर तो, दीर आणि मी होतो. तिघंही जगलो.