चिंधीच्या बोळ्याचा डबा

शेजारच्या काकांचं 'उरलंसुरलं' हे नाव मीच ठेवलं, कबूल करते. पस्तीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर असलेला माणूस! अर्धी रंगाची डबी, तीन स्क्रू, साबणाचा तुकडा, काही म्हणता काही टाकायचा नाही; सगळं पडवीतल्या फळीवर जपून. काकू गेल्यावर तर सगळा जीव त्या फळीवर आणि लेकीवर.

त्या सकाळी लेक नातीला घेऊन घाट उतरून सासरी निघाली. तिच्या गाडीचे ब्रेक कचकन लागावेत म्हणून काकांनी आदल्या दिवशी स्वतः पॅड बदलले, ब्रेक ऑइलही बदललं. गाडी दिसेनाशी झाली आणि अर्ध्या तासाने माझी स्कूटर द्यायला मिस्त्री आला.

मला राहवतंय थोडंच! "काका, ऑइल तरी नवं आणलंत, का फळीवरचंच?"

"फळीवरचंच, वहिनी. पाऊण डबा होता. चांगल्यातलं आहे."

मिस्त्रीने फळीवरचा डबा उचलला. झाकणाच्या जागी चिंधीचा बोळा.

"कधी फोडला होता?"

"झाली असतील... तीन वर्षं."

"काका, हे ऑइल हवेतलं पाणी पितं हो! उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते. पेडल दाबलं तरी नुसतं आत जातं."

काकांनी फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा. पुन्हा. "गाडी चालवताना उचलायचा नाही, हे मीच पढवलंय तिला," ते म्हणाले आणि पुन्हा लावला. "उचल ना गं, बाई. एकदा मोड माझा शब्द."

बाविसाव्यांदा पलीकडून आवाज आला.

"बाबा, किती फोन! घरात काहीतरी झालंय म्हणून गाडी थांबवायला गेले, तर पेडल तळाला गेलं. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे खडीच्या ढिगात थांबली. मनू रडतेय."

"तिथून हलू नकोस. आम्ही आलोच," काका म्हणाले.

आम्ही मिस्त्रीच्या गॅरेजातून त्याची गाडी आणि नवं ऑइल घेऊन घाटात पोचलो. मिस्त्रीने सीलबंद डबा फोडला. लेक पेडल दाबायची, तो चाकाशी जुनं ऑइल काढायचा आणि वरून नवं ओतायचा. काका नातीला छातीशी घट्ट धरून उभे. ती म्हणत होती, "आजोबा, दुखतंय."

काम झालं. मिस्त्रीने डबा हलवून पाहिला.

"काका, उरलंय थोडं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

"नको," ते म्हणाले. "घेऊन जा तू."